कापड चढवलेली बटणं

त्या वर्षी आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं चालायचं. आम्ही पलंगावर ताटं घेऊन बसायचो, आणि टेबलावर लोकांच्या घरातून आलेल्या वस्तू ऐसपैस पसरलेल्या असायच्या. बंद पडलेली घड्याळं, कान उडालेले कप, जोडीदार हरवलेले बूट, आणि कुणाच्या तरी मोठ्या झालेल्या मुलांचे लहानपणचे कपडे.

मुलाच्या छापखान्यात पाळ्या कमी झाल्या, तेव्हा सुनेनं हा उद्योग काढला. आधी तिनं ठमीचे तोकडे झालेले कपडे फोनवरून विकले. ठमी म्हणजे माझी नात. तेव्हा ती बोलायची कमी आणि ओरडायची जास्त. ते कपडे हातोहात गेले. मग सून घरं रिकामी करून देणाऱ्या एका माणसाकडून गोण्या आणायला लागली. तो गोणी उघडून बघू द्यायचा नाही. आत काय निघेल ते आपलं नशीब. घरी आणून आम्ही दोघी ती जमिनीवर उपडी करायचो आणि मुलगा दारातून म्हणायचा, "काय गं, आज कुणाचा संसार आणलास?"

"तुमच्यापेक्षा बरा चाललेला होता," सून म्हणायची.

धुणं, पुसणं, फोटो काढणं आणि गिऱ्हाइकांशी हुज्जत घालणं हे तिचं खातं. शिवण-टिपण माझं. मी लग्नाआधीपासून तयार कपड्यांच्या एका कारखान्यात होते, बटण-खोलीत. लांबलचक खोली, वरच्या बाजूला गजांच्या खिडक्या, आणि आम्ही बायका दोन रांगांत समोरासमोर. गप्पा मारायला बंदी होती, म्हणून आम्ही दातांत दोरा धरून बोलायला शिकलो होतो. आमच्यावर देखरेख करणारीला आम्ही मोहरी म्हणायचो. दिसायला एवढीशी आणि सतत तडतड. ती शिवलेलं बटण चिमटीत धरून सगळा कोट उचलायची आणि हवेत झटकायची. बटण निघालं की त्या बाईची शोभा. मी तिथं होते तोवर माझं एकही बटण निघालं नाही. सात वेढे, मग बटणाखालच्या देठाला गुंडाळा, मग मागे दोन गाठी. माझी बोटं ते अजून झोपेतही करतील. त्या खोलीची इतकी आठवण येते मला! तेव्हा पाठ मोडायची, कान किटायचे, आणि आता वाटतं, ते दिवस काय हसण्यात गेले.

कारखाना बंद पडला तेव्हा जिच्या हाती जे लागलं ते तिनं नेलं. मी कापडी बटणांच्या आतल्या पत्र्याच्या चकत्या आणल्या, पिशवीभर. चकतीवर कापडाचा गोल तुकडा ठेवायचा, कडेनं धावदोरा घालायचा आणि ओढून घ्यायचा. झालं गुबगुबीत बटण. कुठलंही जुनेर त्यानं उजळतं. सुनेला ते फार आवडायचं. "आई, तुमची बटणं लावली की वस्तू निम्म्या वेळात जाते," ती म्हणायची आणि मी उगीच दोरा ओवण्यात गुंतल्यासारखं करायचे.

आमच्या कामाची एक रीत होती. त्या घरात चांगला उजेड एकाच खिडकीतून यायचा, तोही सकाळी थोडा वेळ. तो आला की सून ओरडायची, "उजेड!" की हातातलं काम टाकून टेबल रिकामं करायचं, पांढरी चादर अंथरायची आणि फोटो उरकायचे. उजेड गेला की पुन्हा सगळं जागच्या जागी. जागच्या जागी म्हणजे डब्यांत, वाट्यांत आणि बाटल्यांच्या झाकणांत.

गोणीत खेळणी आली की सून सगळ्यात आधी त्यातले सेल काढायची. ते चपटे, गोल, चकचकीत सेल असतात ना, नाण्यासारखे, त्यांना ती विंचवाला भ्यावं तशी भ्यायची. "मूल गिळलं ना आई, तर घशात अडकून आतून जाळतं. काही तासांत. आणि मूल रडेल असंही नाही, लाळ गळेल, जेवणार नाही, आपल्याला वाटेल दात येताहेत." म्हणून सेल काढून झाकणात, झाकण टेबलाच्या मधोमध, ठमीच्या हाताला लागणार नाही असं. खेळणं धुऊन वाळलं की सेल परत आत आणि वरून स्क्रू.

त्या दिवशी मी खिडकीशी बसून मटार सोलत होते. सुनेनं दोरीवरून एक कापडी गाय काढली. पोट दाबलं की गाणं म्हणणारी. गायीच्या पोटात सेल घालायला तिनं झाकण पुढे ओढलं, आणि थांबली.

"आई, ह्या तुमच्या चकत्या इथं कशा?"

"माझ्या चकत्या डबीत आहेत."

"मग ह्या काय आहेत?"

मला तेव्हा मोतीबिंदू होता. जवळचं सगळं दुधातून बघितल्यासारखं दिसायचं. मी झाकणात बोटं घातली. दोन चकत्या. माझ्याच. कडेला ती बारीक खाच असते, ती लागली.

"आणि सेल?" मी विचारलं.

तिनं उठून माझी डबी टेबलावर उपडी केली. एकेक चकती उलटी-सुलटी केली. मग खाली वाकून जमीन बघितली, गोणी झटकली, ठमीची टोपली झटकली. मी नुसती बसून होते, कारण मला कळून चुकलं होतं. माझ्या हातातली शेंग तशीच अर्धी उघडी राहिली.

"परवा उजेड आला तेव्हा टेबल कुणी आवरलं?" मी विचारलं.

"मी. तुम्ही ठमीला आंघोळ घालत होतात. झाकणाला धक्का लागला, तुमची डबीही सांडली. दोन होते, म्हणून मी दोन उचलून झाकणात टाकले आणि बाकीचे..." तिनं तोंडावर हात ठेवला. "आई, त्यानंतर तुम्ही कशावर बटणं लावलीत?"

बाळाचं लोकरी जॅकेट. निळसर राखी, कुणीतरी जीव ओतून विणलेलं. त्याची मूळची बटणं फुटली होती. मी माझ्या जुन्या मखमली ब्लाउजचा तांबडा तुकडा काढला आणि त्याला पाच बटणं लावली, गळ्यापासून खालपर्यंत. फोटो टाकल्या टाकल्या ते गेलं होतं. घेणारीनं विचारलं होतं, "सात महिन्यांच्या बाळाला होईल ना?" आणि सुनेनं लिहिलं होतं, "अगदी मापात."

सात महिन्यांचं मूल काय करतं? हाताला लागेल ते तोंडात घालतं. आणि गळ्याशी असलेलं गुबगुबीत बटण तर हातसुद्धा न लावता तोंडात जातं.

सुनेनं फोन उचलला. आमचा माल घरपोच जात नसे. गिऱ्हाईक आपल्या जवळचं एखादं दुकान निवडायचं, पार्सल तिथं जायचं. आम्हाला ना नाव कळायचं ना पत्ता. फक्त फोनवर एक इवलंसं चित्र. हिचं चित्र निळ्या छत्रीचं होतं, म्हणून आम्ही तिला छत्रीवाली म्हणायचो. सुनेनं लिहिलं, की जॅकेट बाळाला घालू नका, बटणांत चुकून सेल गेले आहेत, बटणं लगेच कापून दूर ठेवा, जॅकेट परत पाठवा, पैसे परत देतो.

लगेच उत्तर आलं. सुनेनं वाचून दाखवलं, "‘दुसऱ्या कुणी जास्त भाव दिला वाटतं?’"

"सांग तिला, अगं सांग!"

"सांगतेय ना!" ती भराभरा लिहीत होती. पुन्हा उत्तर. "‘असले नखरे मला पाठ आहेत. मागे एकीनं पाळण्यात ढेकूण निघाले म्हणून तो परत मागितला आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट किमतीला लावला. बटणात म्हणे सेल! निदान पटेल असं तरी काही सांगा.’"

त्यानंतर सुनेचे शब्द तिकडे जाईनात. छत्रीवालीनं दार लावून घेतलं होतं. कंपनीकडे तक्रार केली तर यंत्राचं उत्तर आलं, की आपला निरोप मिळाला, आम्ही लवकरच संपर्क करू.

मला वाटतं, त्या बाईची काही चूक नव्हती. आमच्या ह्या धंद्यात सगळे एकमेकांना चोर समजूनच सुरुवात करतात. आम्हीही करायचो.

मुलगा रात्रपाळी करून आला होता, आत ठमीला कुशीत घेऊन झोपला होता. सुनेनं दार जरासं ढकलून बघितलं. ठमी बाहुलीचा हात तोंडात धरून गाढ झोपली होती. आम्ही दार लोटलं, चपला घातल्या आणि निघालो. पार्सल कुठल्या दुकानात गेलं तेवढं आम्हाला ठाऊक होतं.

बसमध्ये बसायला जागा होती, पण सून बसेना. दांडा धरून उभी, नजर बाहेर.

"मी आवरलं," ती म्हणाली.

"आणि मी शिवलं. बोटांना कळायला हवं होतं."

"त्या बाळाला काही झालं तर..."

"गप्प बस," मी म्हटलं. माझ्या आवाजाची मलाच भीती वाटली. मला सारखी ती बटणं दिसत होती. सात वेढे, देठ, दोन गाठी. मी मनात म्हणत होते, धरून ठेवा गं, धरून ठेवा. जन्मभर ज्या टाक्यावर मिरवले तो आता त्या पोरासाठी टिकू दे. पण दोरा टिकला तरी कापड? मखमल जुनी होती, माझ्या लग्नानंतरची. ओली झाली, दात लागले, की आतलं निघायला कितीसा वेळ?

ते दुकान किल्लीवाल्याचं होतं. भिंतभर किल्ल्या, कोपऱ्यात पार्सलांची चवड, आणि मध्ये चष्मा कपाळावर चढवलेला एक जाडसा माणूस कानस घेऊन बसलेला. सुनेनं एका श्वासात सगळं सांगितलं. त्यानं कानस खाली ठेवली नाही.

"पत्ता देता येत नाही, ताई. नियम आहे."

"पत्ता नको, फोन लावा तिला!"

"तोही देता येत नाही. रडत येणाऱ्या फार बघितल्यात मी. एक तर म्हणाली, घेणारी माझी सख्खी बहीण आहे. निघाली सवत."

"अहो दादा, बाळाच्या जिवाचा प्रश्न आहे," मी म्हटलं. "हे बघा तरी." सुनेनं फोटो त्याच्या नाकासमोर धरला.

त्यानं चष्मा खाली ओढला आणि त्याचा हात थांबला.

"तांबडी बटणं," तो म्हणाला. "हे जॅकेट? अहो, ह्याचं पार्सल तिनं सकाळी इथंच फोडलं. बाहेर थंडी म्हणून इथंच बाळाला चढवलं. या खुर्चीवर बसून. आणि तो लबाड लगेच वरचं बटण चोखायला लागला. आम्ही हसलो. मी म्हटलं, बघा, तुमच्याआधी त्यालाच पसंत पडलं..."

मी त्या खुर्चीकडे बघितलं. साधी, लाल प्लास्टिकची खुर्ची. मला तिच्याकडे बघवेना.

त्यानं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग उठला, गल्ल्याची किल्ली खिशात घातली आणि शटर खाली ओढलं.

"पत्ता मी सांगणार नाही," तो म्हणाला. "मी तिच्याकडे चाललोय. तिच्या दाराचं कुलूप मीच बसवलंय. तुम्ही माझ्या मागून आलात, तर रस्ता काय माझ्या बापाचा नाही."

तो एवढा जाड माणूस, पण आमच्या पुढे पळत होता. मागची गल्ली, एक वळण, मग जिना. जिन्यात मला धाप लागली, सुनेनं माझा हात धरून अक्षरशः ओढलं. वरून कुठूनही मुलाच्या रडण्याचा आवाज येत नव्हता. एरवी ती शांतता बरी वाटली असती. मूल रडेल असंही नाही, असं सून म्हणाली होती, तेच माझ्या कानांत घुमत होतं.

दार साखळीएवढंच उघडलं. फटीत तरुण, ओढलेला चेहरा.

"हळू! आत्ता झोपलाय," ती म्हणाली. किल्लीवाल्यामागे आम्हाला बघून तिच्या कपाळाला आठी पडली. "ह्या कोण?"

"त्याच, ज्यांना तू खोटं पाडलंस," किल्लीवाला धापा टाकत म्हणाला. "आधी सांग, जॅकेट कुठंय?"

"अंगात आहे त्याच्या. काढलं की रडतो."

"बाई, उघड," मी म्हटलं. "पैसे नकोत, जॅकेट नको. बटणं बघू दे फक्त. मीच शिवलीत."

माझ्या वयाकडे बघून असेल, तिनं साखळी काढली.

बाळ गादीवर उताणं होतं. गोरंगोमटं, गालावर लाळ, आणि गळ्याचं बटण अर्धवट ओठांत. ते हललं नाही. सुनेनं वाकून त्याच्या नाकासमोर बोट धरलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. मग तिनं मान हलवली. श्वास होता.

तिनं हलकेच ते बटण ओठांतून सोडवलं. मखमल चिंब होती आणि एका बाजूला काळी पडली होती, जळाल्यासारखी. पण बटण होतं. खालची चारही होती. मी वरचं ओढून बघितलं, निघेना. माझाच टाका माझ्याशी भांडत होता. छत्रीवालीनं कात्री आणली, ती किल्लीवाल्यानं तिच्या हातातून काढून घेतली आणि बाळाच्या छातीवर आपला पंजा आडवा धरून एकेक बटण कापलं.

सुनेनं तिथंच जमिनीवर बसून कापडं फाडली. वरच्या बटणातून सेल निघाला. तिनं तो छत्रीवालीला दाखवला. त्या पोरीनं तो बघितला, बाळाला उचलून घट्ट धरलं आणि खाली बसली. बाळ जागं झालं आणि जोरात रडलं. माझ्या आयुष्यात इतकं गोड रडणं मी ऐकलेलं नाही.

"दुसऱ्यात चकती," सून म्हणत होती. "तिसऱ्यात चकती. चौथ्यातही..." पाचवं कापड तिच्या हातात उलटं होतं आणि त्यातून पत्र्याची चकती मांडीवर पडली होती.

"सेल दोन होते," ती म्हणाली.

"गिळला का ह्यानं?" छत्रीवाली किंचाळली.

"नाही, नाही. पाच लावली होती, पाचही मिळाली. दुसरा ह्याच्यात गेलाच नाही." सून माझ्याकडे वळली. "आई, आणखी कशाला लावलं होतंत? आठवा. विकलेलं काहीही."

विकलेलं काहीच नव्हतं. मी डोळे मिटून सगळ्या पार्सलांतून फिरून आले. मखमलीचा तुकडा डोळ्यांसमोर आणला. पाच गोल कापले आणि कोपऱ्यात थोडा उरला होता. उरलेला टाकायचा कशाला म्हणून...

मी सुनेचा दंड धरला.

"बाहुली," मी म्हटलं. "ठमीच्या बाहुलीचा कोट."

सुनेनं कसा फोन लावला मला ठाऊक नाही. तो वाजत होता. मुलगा रात्रपाळीनंतर मेल्यासारखा झोपतो. वाजतच होता. आणि मला आणखी एक गोष्ट आठवली, ती मी तेव्हा कुणाला सांगितली नाही. विकायच्या मालाला मी सात वेढे घालायचे. बाहुलीच्या कोटाला दोनच घातले होते. घरचंच तर आहे, म्हटलं होतं. मोहरी थोडीच झटकून बघणार आहे.

"हं," मुलाचा घोगरा आवाज आला. सुनेनं फोन सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"ठमी कुठंय?"

"इथंच. झोपलीय. का गं?"

"बाहुली बघ. बाहुलीच्या कोटाचं बटण बघ."

"तुम्ही दोघी गोणी आणायला गेलात की..."

"बघ म्हणते ना!"

पलंग करकरला. आम्ही चौघं त्या अनोळखी खोलीत फोनभोवती वाकलेलो. छत्रीवालीनं बाळाला एका हातानं धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट.

"बटण नाहीये," मुलगा म्हणाला. "नुसता दोरा लोंबतोय."

मी फोनकडे तोंड केलं. "ऐक. तिला उठव. तोंड उघडून बघ. बोट घालून बघ. त्यात सेल आहे."

मग नुसते आवाज. "ठमे. ए ठमे, ऊठ. आ कर. आ कर बाबाला." ठमीचं किरकिरणं. "आ कर गं राणी!" माझा मुलगा रडत होता हे मला त्या ‘राणी’वरून कळलं, कारण तो तिला कधी राणी म्हणत नसे, भूत म्हणायचा. "तोंडात नाहीये, आई. गादीवर नाही. उशीखाली नाही. आई, काय करू?"

"हात," मी म्हटलं. कुठून सुचलं देव जाणे. लहानपणी हाच हातात गोळी धरून झोपायचा. "मुठी उघड तिच्या."

मग ठमी मोठ्यानं चिडून ओरडली, आपली वस्तू कुणी हिसकावली की ओरडायची तशी.

"सापडलं," मुलगा म्हणाला. "मुठीत होतं. ओलं झालंय. कापडासकट आहे. आई, कापडासकट आहे."

संध्याकाळी दोन्ही बाळांना दवाखान्यात नेऊन आतून फोटो काढून घेतले. दोघांचीही पोटं स्वच्छ होती. छत्रीवाली बाकावर आमच्याच शेजारी बसली होती. जाताना तिनं सुनेला विचारलं, "जॅकेट ठेवू का मी? साधी बटणं लावते." सुनेनं मानेनं हो म्हटलं.

सुनेचा उद्योग पुढे चालला, वाढलाही. खेळणी मात्र तिनं पुन्हा घेतली नाहीत. मी चकत्यांची पिशवी किल्लीवाल्याला देऊन टाकली. मध्ये भोक पाडलं की त्याला वायसर म्हणून चालतात. पुढे माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, सगळं लख्ख दिसायला लागलं, पण कापडी बटण मी परत शिवलं नाही. कधी कधी बोटं उगीच हवेत वेढे घालतात, तेव्हा मी हात पदरात घेते.

ठमी आता माझ्यापेक्षा उंच झाली आहे. तिला हे काही आठवत नाही. ती मैत्रिणींमध्ये बसून मान मागे टाकून खदाखदा हसते, आणि हसून झाल्यावर मला विचारते, "आजी, तू अशी काय बघतेस माझ्या तोंडात?"

"दात बघते," मी म्हणते.